मागचं विसरणारं गणित आणि येवल्याची लाइन

नोकरीत मी नेमकं काय करते, हे आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी बरीच वर्षं समजावून सांगत आले. दर वेळी ते डोळे मिटून शांतपणे ऐकायचे आणि शेवटी तोच निकाल द्यायचे. "म्हणजे तू वायरमन नाहीस. पण वायर तुटली की शिव्या मात्र तुला."

इतकी नेमकी व्याख्या आमच्या कंपनीच्या एकाही माहितीपत्रकात नव्हती. कंपनीचं काम होतं जमिनीखालून आणि खांबांवरून ऑप्टिकल फायबर टाकायचं आणि ते बँका, दवाखाने, मोबाइलवाले अशांना वापरायला द्यायचं. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काच. तिच्यातून प्रकाश लुकलुकत जातो आणि त्या लुकलुकण्यात तुमचा फोन, तुमचा सिनेमा आणि तुमच्या मावशीचे सुप्रभाताचे गुलाब असं सगळं असतं. काच तुटली की ती जोडायला माणसं जायची. मी जात नसे. मी नाशिकच्या ऑफिसात बसून हिशेब मांडायची की कुठली लाइन कधी आजारी पडेल, पडली तर किती वेळ पडून राहील आणि ग्राहकाला आपण कितपत छातीठोक शब्द द्यावा.

हे मी ज्या गणिताने करायची त्याला मार्कोव्ह साखळी म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, मी ते अण्णांवरच शिकवलेलं आहे. समजा, अण्णांच्या तीन स्थिती आहेत. प्रसन्न, कुरकुरे आणि मौन. आज सकाळी ते प्रसन्न असतील तर उद्याही प्रसन्न राहण्याची शक्यता किती, कुरकुरे होण्याची किती, थेट मौनात जाण्याची किती? तसंच कुरकुऱ्यातून कुठे, मौनातून कुठे? असा नऊ घरांचा तक्ता तयार झाला की वर्षभरात घरात साधारण किती दिवस शांतता नांदेल ते काढता येतं. लाइनीचंही तसंच. तिच्याही तीन स्थिती. उत्तम, आजारी, म्हणजे प्रकाश पोचतोय पण मिणमिणता, आणि गेलेली. हा तक्ता मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून दाखवला होता. अण्णा त्या दिवशी मौनात गेले, म्हणजे तक्ता बरोबर होता.

पण त्यांना खरा राग आला तो या गणिताच्या मूळ अटीचा. अट अशी, की उद्याचं सांगायला फक्त आजची स्थिती पुरते. काल काय झालं, परवा काय झालं, विचारायचं नाही. मागचं सगळं विसरायचं.

"विसरायचं?" अण्णांनी चष्मा काढला. आमच्या घराण्यात उपाध्येपण चालत आलेलं. गोदाघाटावर कुणी यजमान आला आणि त्याने गाव नि आडनाव सांगितलं, की त्याचे पणजोबा कधी आले होते आणि कुणाचं श्राद्ध करून गेले ते अण्णा सांगणार. "आमच्याकडे सात पिढ्यांचं लक्षात ठेवतात. आणि तुला कालचंही नको? याचा पगार देतात?"

देत होते. आणि गणितही बरं चाललं होतं. सिन्नरची लाइन, त्र्यंबकची लाइन, एकलहऱ्याकडची लाइन, सगळ्या माझ्या तक्त्याच्या आज्ञेत वागत होत्या. जेसीबीवाला केबल उखडायचा, उंदीर कुरतडायचे, पण वर्षाअखेरीस बेरीज बसायची. इंदिरानगरात आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ मला जिन्यात गाठून सांगायचे की त्यांचं नेट फक्त अमावास्येला जातं. मी तपासलं. जात नव्हतं. उलट अमावास्येला ते सर्वांत छान चालायचं, कारण त्या दिवशी गृहस्थ स्वतःच भीतीपोटी ते बंद ठेवायचे. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

आज्ञेत नव्हती ती एकच लाइन, येवल्याची.

नाशिकहून निफाड, विंचूर करत ती येवल्याला जायची. तिथे पैठणीवाल्यांची दुकानं. हल्ली पैठणी बघायला गिऱ्हाईक दुकानात यावंच लागत नाही, व्हिडिओ कॉलवर पदर पसरून दाखवतात. तर ऐन लग्नसराईत पदर अर्धा उलगडला की चित्र गोठायचं. पलीकडच्या बाईला मोराची मान दिसायची, पिसारा नाही. एका दुकानदाराने मला फोनवर अत्यंत सभ्यपणे विचारलं होतं, "मॅडम, आम्ही बिनपिसाऱ्याचे मोर विणायला घेऊ का?"

येवल्याचं काम बघायचे नामदेवभाऊ. काच जोडण्यात त्यांच्याइतका साफ हात आमच्याकडे दुसरा नव्हता. ही जोडणी यंत्राने होते. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं मशीन असतं. झाकण उघडलं की आत एक बारीक खाच. तिच्यात काचेची दोन टोकं समोरासमोर ठेवायची, ठिणगी पडते, काच वितळते आणि दोन्ही टोकं एक होतात. याला आमच्याकडे जॉइंट मारणं म्हणतात. पूर्वी ही मशिनं नाशिकच्या स्टोअरमध्ये असत आणि कामापुरती मिळत. मग कंपनीने प्रत्येक तालुक्याच्या माणसाकडे एकेक कायमचं दिलं. नामदेवभाऊंनी ते घरी नेलं तेव्हा गाडीवर मांडीत धरून नेलं. चालवत होता त्यांचा भाचा.

आणि तेव्हापासून त्यांचे जॉइंट तुटायला लागले. सगळे नाही. मारताना तपासणीत चोख यायचे, तक्रार बंद व्हायची, माझ्याकडे 'उत्तम' अशी नोंद यायची आणि थोड्या आठवड्यांनी तीच जागा पुन्हा जायची. माझा तक्ता म्हणायचा एवढ्या वेळा जाईल, लाइन जायची त्याच्या कितीतरी जास्त वेळा.

मी वैतागून घरी आले. अण्णा कुरकुऱ्या स्थितीत होते. मी त्यांना म्हटलं, उत्तम असलेली लाइन उत्तमसारखी वागत नाहीये.

"कुठली उत्तम?" अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, माणूस आला आणि 'मी पाटील' म्हणाला तर मला काय कळणार? पाटील हजार आहेत. मी गाव विचारतो. पाटील, पिंपळगावचे. मग पुढचं मागचं आपोआप येतं. तू लाइनीला गाव विचारलंस का?"

सुनेने सासऱ्याच्या पाया पडण्याचे जे मोजके प्रसंग आमच्या घरात झाले, त्यातला हा एक. अण्णांनी सांगितलं ते या गणितातलं खरं मर्म होतं. मागचं विसरायला हरकत नाही, पण त्यासाठी आजच्या स्थितीची ओळख पुरेशी नेमकी हवी. मी 'उत्तम'चे दोन भाग केले. जन्मापासून उत्तम, आणि जोडून उत्तम. तीन स्थितींच्या चार झाल्या, म्हणजे नऊ घरांच्या जागी सोळा घरं झाली. बाकी सगळीकडे दोन्ही उत्तम सारख्याच वागल्या. येवल्यात मात्र जोडलेली उत्तम भराभर कोसळत होती.

गणित जुळलं. मला कोण आनंद झाला! तो आनंद साहेबांच्या केबिनपर्यंत टिकला.

आमचे साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान आणि आकड्यांवर श्रद्धा ठेवणारे. त्यांनी सोळा घरं पाहिली आणि म्हणाले, "क्लिअर आहे मॅडम. लाइन चांगली, केबल चांगली, जॉइंट वाईट. जॉइंट कोण मारतं? नामदेव. वय झालं, नजर गेली, हात थरथरत असेल. दिवाळीनंतर त्याला स्टोअरला घेऊ. मशीन नव्या माणसाला."

"पण सर, पावसाळ्यातले त्यांचे जॉइंट टिकलेत. हिवाळ्यातलेच तुटतात."

"थंडी. बोटं आखडतात."

"थंडी तर निफाडला जास्त पडते. तिथले जॉइंट टिकतात."

"निफाडचा माणूस तरुण आहे," साहेब म्हणाले आणि माझ्याच तक्त्याची प्रिंट त्यांनी फाइलला लावली. आपण वाढलेलं ताट कुणी आपल्यालाच दुसऱ्याच्या पुढून काढून घ्यायला लावावं, तसं मला झालं. मी लाइनीचं गणित केलं होतं, माणसाचं नाही. पण वाचणाऱ्याने माणूस वाचला होता.

बातमी येवल्याला माझ्या आधी पोचली. नामदेवभाऊंचा फोन आला.

"म्याडम, तुमच्या गणितात माझा हात गेला असं निघालं म्हणं."

"गणित हाताचं काही म्हणत नाही हो भाऊ. फक्त जॉइंट म्हणतं."

"जॉइंट म्हंजे हातच की." मग आवाज उतरवून, "खरं असंल. घरात सुईत दोरा बी आता बायकोच घालती. मलाच समजंना झालं होतं, आपून एवढं चांगलं जोडतो अन् तुटतं कसं. रातच्याला हात बघत बसतो मी म्याडम. दिसतो तर तसाच." आणि मग एकदम आवाज चढवून, जणू लग्नाचं आवतण देताहेत अशा थाटात, "बरं, दसऱ्याला या घरी. मशिनची शेवटची पूजा हाय आमच्याकडं. मंग ते जाणार."

मी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात फोन हातात धरून बसले. साहेबांना खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं आणि भाऊंना द्यायलाही काही नव्हतं. गणिताने सांगितलं होतं काय तुटतंय आणि कधी तुटतंय. का, ते विचारायची सोय त्या सोळा घरांत नव्हती.

दसऱ्याला एसटीने येवला गाठलं. अण्णा म्हणाले होते, "सणाचं घर सोडून कुठे चाललीस?" मी म्हटलं, लाइनीला गाव विचारायला. ते प्रसन्न झाले.

नामदेवभाऊंचं घर गावाबाहेर, स्वतःच्या झेंडूच्या तुकड्यात. दारात तोरण, अंगणात सारवून रांगोळी आणि पाटांवर ओळीने हत्यारं मांडलेली. विळे, खुरपी, कोयता, पाण्याची मोटर, भाच्याची मोटरसायकल. आणि मधोमध सगळ्यांत उंच पाटावर ते मशीन, झेंडूच्या माळेसकट. सुमनवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, ताट घेऊन आल्या. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "बसा बाई. ह्यांचं आज चित्त थाऱ्यावर नाय. सकाळधरनं त्या डब्याशीच बोलत्यात."

पूजा सुरू झाली. भाऊंनी विळ्याच्या पात्याला कुंकू लावलं, खुरप्याच्या पात्याला लावलं, कोयत्याच्या धारेला लावलं. मग मशिनपुढे मांडी घातली, हात जोडले, आणि झाकण उघडलं.

ओल्या कुंकवात करंगळीशेजारचं बोट बुडवून, श्वास रोखून, त्यांनी ते टिंब थेट आतल्या खाचेत टेकवलं. जिथे काच ठेवतात, बरोबर तिथे. वर अक्षता. वर झेंडूची एक पाकळी. इतक्या नाजूकपणे, की तो हात थरथरतो असं म्हणणाऱ्याची मला कीव आली.

मी हातातला तांब्या खाली ठेवला. ज्या खाचेत धुळीचा कण जाऊ नये म्हणून कंपनी वेगळा ब्रश देते, तिथे हे!

"भाऊ," मी शक्य तितक्या सहज म्हटलं, "कुंकू तिथे का लावलंत?"

"मंग कुठं लावू?" त्यांना प्रश्नच कळेना. "विळ्याच्या मुठीला लावत्यात का कोणी? पात्याला लावत्यात. ज्यानं काम होतं त्याला. ह्याचं पातं हे."

पूर्वी मशिनं नाशिकला असताना दसऱ्याला ऑफिसात एक गुरुजी यायचे आणि बंद डब्यांच्या झाकणांवर घाईघाईने बोट टेकवून जायचे. मशीन घरी आलं आणि पहिल्यांदाच त्याची मनापासून पूजा झाली.

"आणि नंतर पुसता ना?"

"पुसतो की. दुसऱ्या दिशी कापसानं, स्पिरिट लावून. पण समदं नाय काढत. देवाचं असतंय, थोडं राहू द्यावं." आणि मग अभिमानाने, "पार संक्रांतीपत्तुर राहतं. मंग कंपनीचा माणूस सर्विसिंगला येतो, तो मेला सगळं धुऊन टाकतो."

दसरा ते संक्रांत. माझा हिवाळा मला पाटावर बसलेला दिसला. कुंकवाचा कण काचेला चिकटणार, ठिणगीत काचेबरोबर भाजला जाणार. जॉइंट दिसायला चोख, प्रकाश उत्तम जाणार, पण आत ती जागा ठिसूळ. मग ट्रकच्या हादऱ्याने, गारठ्याने, खांबावर अडकलेला पतंग कुणी ओढला म्हणून ती तुटणार. सोळा घरांतल्या एकाही घरात दसरा नव्हता.

आता हे सांगायचं कसं? जेवायला पुरणपोळी होती, ती मी अर्धीच खाल्ली. ज्या माणसाने जीव ओतून पूजा केली त्याला, तुमच्या पूजेनेच लाइन तुटते, असं सणाच्या दिवशी सांगायचं? आणि नाही सांगितलं तर दिवाळीनंतर तो स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून स्वतःच्या हाताकडे बघत राहणार.

शेवटी मी सांगितलंच नाही. म्हटलं, "भाऊ, भंगारातल्या फायबरवर दोन जॉइंट मारून दाखवा. एक नेहमीसारखं कापसाने पुसून, तुमच्या पद्धतीने. दुसरा खाच ब्रशने, स्पिरिटने अगदी कोरी करून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशिनकडे पाहिलं. पाकळी नि अक्षता काढून, कापूस फिरवून त्यांनी पहिला जॉइंट मारला. मशिनने सांगितलं, चोख. मग खाच कोरी केली, दुसरा मारला. तोही चोख. मी म्हटलं, आता दोन्ही हलकेच ओढा.

पहिला तट्‌कन तुटला. दुसरा ओढला, पुन्हा ओढला, शेवटी भाच्याने ओढला. तो राहिला.

नामदेवभाऊंनी उजवा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "म्हंजे हात चांगला हाय," ते म्हणाले. चेहरा उजळला आणि लगेच झाकोळला. "पण पूजेनं वाईट कसं व्हावं म्याडम? मी काय वंगाळ केलं?"

मी काहीतरी जडजंबाल बोलणार, तेवढ्यात दारातून सुमनवहिनींचा आवाज आला.

"अवं, देवाला आपण कपाळाला लावतो. डोळ्यात घालतो का?"

आधी भाचा हसला. मग भाऊ हसले. मग मी जी हसत सुटले ती अर्धी राहिलेली पुरणपोळी संपेपर्यंत. दुसरी मागून घेतली.

अहवालात मी लिहिलं की दोष हाताचा नसून खाचेत राहिलेल्या बारीक कणांचा आहे आणि खाच कोरी केल्यावर जॉइंट टिकतो. साहेबांनी वाचून विचारलं, "कसले कण?" मी म्हटलं, "लाल." त्यांनी जास्त विचारलं नाही. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरलाही दसऱ्याचं हळदकुंकू अजून होतं, पण ते निदान बाहेरून. स्टोअरचा आदेश मागे घेतला गेला. त्या हिवाळ्यात येवल्याची लाइन माझ्या तक्त्याप्रमाणे वागली आणि पैठणीवाल्या दुकानदाराने फोन करून कळवलं, "मॅडम, मोर पुरा आला."

आता हे गणित कॉम्प्युटर आपलं आपणच करतो, घरं सोळा नाही, शेकड्यांनी असतात. चांगलंच आहे. हळहळ एवढीच वाटते की इतकी वर्षं या लाइनी मी कागदावर बघितल्या आणि त्या जोडणाऱ्या माणसांच्या अंगणात जायला मला निमित्त लागलं, तेही नोकरी संपत आल्यावर.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा आवतण आलं. माझा नोकरीतला शेवटचा दसरा. तोच पाट, तीच माळ, मशिनचं झाकण मात्र गच्च बंद. विळे, खुरपी, कोयता झाले. सुमनवहिनी ताट घेऊन मशिनकडे वळल्या तर भाऊंनी त्यांना थांबवलं आणि स्वतःचा उजवा हात पुढे केला. अंगठा आणि शेजारचं बोट, चिमटीसारखं जुळवून.

"पातं हे," ते म्हणाले.

वहिनींनी दोन्ही बोटांना कुंकू लावलं. भाऊंनी हात कपाळाशी नेला, क्षणभर तसाच धरला. मग उठले, मोरीवर गेले आणि साबणाने खसाखसा हात धुतले. मग स्पिरिटने. मग पुन्हा साबणाने. "उद्या ड्यूटी हाय," ते तिथूनच ओरडले. "कणसुद्धा नाय ठेवणार!"

वहिनी ताट घेऊन माझ्यासमोर आल्या. "बाई, तुमचं पातं कुठं असतं?"

जन्मभराच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी खुळ्यासारखी लॅपटॉपच्या बॅगेकडे बोट दाखवलं. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, मान हलवली, आणि माझ्या टिकलीच्या वर, कपाळावर चांगलं ठसठशीत बोट टेकवलं.

परतीच्या एसटीत वारा होता, धूळ होती. उसाचा रस पिताना पदराने तोंड पुसलं, कपाळ नाही. घरी अण्णांनी दार उघडलं, बघितलं आणि विचारलं, "हे कुठलं?"

"येवल्याचं," मी म्हटलं.

रात्री आरशासमोर टिकली काढली. बोट वर गेलं आणि थांबलं. थोडं राहू द्यावं.